निदान एक त्रिकोण तरी छापा : हॉलीवूडच्या होम व्हिडिओवाल्यांना खुले पत्र

प्रति,
होम व्हिडिओ आणि डिजिटल विक्री खात्यांचे प्रमुख,
हॉलीवूडचे सगळे मोठे स्टुडिओ,
बरबँक, कल्व्हर सिटी आणि आसपास, कॅलिफोर्निया.

विषय : चावट सिनेमाची घरी पाठवलेली प्रत.

स. न. वि. वि.

तुम्ही मला ओळखत नाही, ओळखायचं काही कारणही नाही. मी डोंबिवली पूर्वेला 21 वर्षं व्हिडिओ लायब्ररी चालवली. 1992 साली दीडशे कॅसेटींवर सुरुवात केली, मग व्हीसीडी आल्या, मग डीव्हीडी, आणि 2013 च्या दिवाळीनंतर एक दिवस शटर खाली ओढलं ते ओढलंच. आता त्या गाळ्यात मोबाईलची कव्हरं मिळतात. एवढ्या वर्षांत तुमचा माल हजारो वेळा माझ्या काउंटरवरून गेला आणि परत आला. कधी ओरखडे घेऊन, कधी वरणाचे डाग घेऊन, आणि एकदा तर डबा मारधाडीच्या सिनेमाचा आणि आत भजनांची सीडी, असाही. त्या हक्काने लिहितोय.

लिहितोय तेही एका वाह्यात सिनेमाबद्दल. ‘द हँगओव्हर पार्ट टू’. टॉड फिलिप्सचा, मे 2011 चा. पहिल्या भागात मित्रमंडळी लग्नाच्या दोन दिवस आधी लास व्हेगासला जातात, सकाळी डोळे उघडतात तेव्हा रात्रीचं काही आठवत नाही आणि नवरदेवच हरवलेला असतो. दुसऱ्या भागात लग्न थायलंडमध्ये. या वेळी बोहल्यावर चढणार दातांचा डॉक्टर स्टू, आणि बँकॉकमध्ये हरवतो तो नवरीचा धाकटा भाऊ. बाकी साचा तोच. पहिल्याला साडेतीन कोटी डॉलर खर्च आला होता, दुसऱ्याला आठ कोटी. जगभरातून आले 58 कोटींच्या वर. मला विचाराल तर दुसरा भाग म्हणजे फोडणीची पोळी. चव लागते, पण पोळी कालची. थाई माणसांवरचे काही विनोद तर तेव्हाही हसू येण्यासारखे नव्हते.

तरीही डिसेंबर 2011 मध्ये तुमच्याकडे त्याची डीव्हीडी आणि ब्लू-रे आली आणि इथे पोरांनी माझ्याकडे चौकश्या सुरू केल्या. आमच्याकडे ऐन लग्नसराईचे दिवस. घरच्यांसाठी केळवण, मित्रांसाठी ‘बॅचलर’. पाच-सहा जणांचं टोळकं यायचं, चौघं बाहेर बाईकवर, एक जण आत. तो आधी उगाच दोन पोस्टरं बघणार, मग आवाज खाली आणून विचारणार, “काका, ते... दोन नंबरचं आलंय का?” आणि लगेच पुढचा प्रश्न, “अनकट आहे ना?”

या दुसऱ्या प्रश्नासाठीच हे पत्र. 21 वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न तोच. अमक्यात कोण आहे, शेवट काय होतो, हे लोक क्वचित विचारायचे. डब्यात जे आहे ते तेच आहे का, थिएटरात दाखवलेलं, की कुणी मधल्यामध्ये हात मारलाय? आणि खरं सांगायचं तर मला उत्तर माहीत नसायचं. डब्यावर लिहिलेलं नसायचं.

हे सिनेमे लोक घरी का न्यायचे, तेही सांगतो. दोन्ही भागांच्या शेवटी, नावं वर सरकू लागली की हरवलेल्या रात्रीचे फोटो भराभर दाखवतात. त्या रात्री नक्की काय झालं याचा सगळा उलगडा तिथेच होतो. आमच्या थिएटरात नावं सुरू झाली की दिवे लागतात, दारं उघडतात, पुढच्या रांगेतला माणूस उभा राहून पँट वर ओढत असतो. फोटो पाहणार कोण? डीव्हीडीवर मात्र पॉजचं बटण. एकेक फोटो थांबवून, पडद्याला नाक लावून पाहायचे लोक. एका गिऱ्हाइकाने मला सांगितलं होतं की अख्खा सिनेमा त्याने पळवला आणि शेवटच्या दोन मिनिटांना अर्धा तास लावला. त्याच फोटोंमध्ये एक फोटो असा आहे की पोट धरून हसणारा माणूस मध्येच गप्प होतो. व्हिएतनाम युद्धात 1968 साली सायगावच्या रस्त्यावर फोटोग्राफर एडी अ‍ॅडम्सने टिपलेलं ते दृश्य, कानशिलाला पिस्तूल लावलेल्या कैद्याचं, त्याची तिथे नक्कल करून ठेवली आहे. गंमत म्हणून. तेव्हाही त्यावर टीका झाली होती, आणि ती रास्त होती. पण तो फोटो तिथे आहे. 2011 साली एका मोठ्या स्टुडिओला हे गमतीचं वाटलं होतं, हे त्या तबकडीवर नोंदलेलं आहे. उद्या तो गुपचूप काढला, तर मेहेरबानी कुणावर होईल? आमच्यावर नाही. तुमच्यावर.

आता टॅटूचं. तुम्हाला तो खटला माझ्यापेक्षा चांगला माहीत असणार, पण हे पत्र खुलं आहे, चार लोक वाचतील, म्हणून सांगतो.

बँकॉकच्या त्या खोलीत स्टू उठतो, आरशात बघतो आणि डाव्या डोळ्याभोवती काळी नक्षी. अगदी बॉक्सर माईक टायसनच्या चेहऱ्यावर आहे तशी. टायसनला ती 2003 साली लास व्हेगासमध्ये एस. व्हिक्टर व्हिटमिल नावाच्या कलाकाराने गोंदली होती, आणि त्या नक्षीचे हक्क आपले, असं टायसनकडून लिहून घेतलं होतं. सिनेमा लागायला महिनाभर असताना एप्रिल 2011 मध्ये व्हिटमिल सेंट लुईसच्या संघीय न्यायालयात गेला. माझी नक्षी विचारल्याशिवाय वापरली, सिनेमा थांबवा. न्यायाधीश कॅथरीन पेरी यांनी सिनेमा थांबवला नाही, कारण देशभरच्या थिएटरवाल्यांचं नुकसान झालं असतं. पण त्याच वेळी त्यांनी सांगून टाकलं की खटला जिंकायची शक्यता व्हिटमिलचीच जास्त आहे. आणि शरीरावरच्या नक्षीला कॉपीराइट लागूच होत नाही, हा सिनेमा काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओच्या वकिलांचा मुद्दा त्यांनी बाष्कळ ठरवला. हा निकाल 24 मेचा. 26 मेला सिनेमा लागला.

मग जूनमध्ये स्टुडिओने न्यायालयाला जे कळवलं, त्याने मी आजही चक्रावतो. तडजोड झाली नाही, तर होम व्हिडिओवर सिनेमा आणताना स्टूच्या चेहऱ्यावरचा टॅटू संगणकाने बदलून दुसरा घालू.

जरा डोळ्यांपुढे आणा. नट एड हेल्म्स. सिनेमा 102 मिनिटांचा, त्यातला बहुतेक वेळ ती नक्षी त्याच्या चेहऱ्यावर. बुद्धमठात, नौकेत, समुद्रकिनाऱ्यावर भर मांडवात सासऱ्यासमोर उभा राहतो तेव्हाही. एकेका चौकटीत ती पुसून दुसरी काढायची. आणि शेवटी लग्नाच्या मेजवानीत खुद्द टायसन येतो. दोन सारखे चेहरे समोरासमोर, हा सगळा विनोद त्या एका सारखेपणावर उभा. नक्षी बदलली तर टायसन तिथे आला कशाला, हेच कळणार नाही. म्हणजे घरी बसून डीव्हीडी लावणाऱ्याला विनोदाचं टरफल मिळालं असतं, शेंगदाणा थिएटरातच राहिला असता. आणि त्याला ते कळलंही नसतं. त्याला वाटलं असतं, सिनेमाच पाचकळ आहे.

तडजोड झाली. त्याच महिन्यात, अटी गुलदस्त्यात. टॅटू वाचला. पैसे कुणाला किती मिळाले याच्याशी मला देणंघेणं नाही. व्हिटमिलला मिळाले असतील तर चांगलंच, गोंदणारा माणूसही कलाकारच. माझा मुद्दा इतकाच की असं करता येतं, आणि करायची तयारी होती. तेही एखाद्या जुन्या, विस्मरणात गेलेल्या सिनेमाचं नव्हे, त्याच महिन्यात जगभर चालू असलेल्या सिनेमाचं.

(जाता जाता : याच सिनेमात विमानतळावर स्टूचा मित्र अ‍ॅलन आपल्या पिशवीचं नाव चुकीचं उच्चारतो, ‘लुई’चं ‘लुइस’ करतो. ती पिशवी नकली होती म्हणून लुई व्हितॉन या महागड्या पिशव्यांच्या कंपनीने होम व्हिडिओ आल्यावर दोन-अडीच आठवड्यांत न्यू यॉर्कमध्ये दावा ठोकला. अर्ध्या मिनिटाचाही प्रसंग नाही. तिथे मात्र स्टुडिओने पत्र येऊनही काही बदललं नाही, डीव्हीडी जशी होती तशी काढली, आणि जून 2012 मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला. म्हणजे कणा आहे. पाहिजे तेव्हा ताठ होतो.)

आता मला एक जुनी गोष्ट आठवते, तीही तुमचीच. युटा राज्यात काही दुकानदार तुमच्या डीव्हीडी विकत घ्यायचे, त्यातल्या शिव्या, नग्न दृश्यं, मारामारी काढून टाकायचे आणि धार्मिक कुटुंबांना भाड्याने द्यायचे. क्लीनफ्लिक्स हे त्यातलं मोठं नाव. माझ्याच धंद्यातली माणसं म्हणा ना, फक्त हातात कात्री. दिग्दर्शक आणि तुम्ही सगळे स्टुडिओ मिळून त्यांच्याविरुद्ध उभे राहिलात, आणि जुलै 2006 मध्ये डेन्व्हरचे न्यायाधीश रिचर्ड मॅच यांनी त्यांना बंद करायला लावलं. तेव्हा तुमच्या बाजूने काय सांगितलं जात होतं? कलाकृतीला कुणी हात लावायचा नाही. छान. मला पटलं होतं. माझ्या काउंटरवरही एक गृहस्थ नेहमी म्हणायचे, “तेवढा एक सीन काढून द्या ना, मुलं बघतात.” मी सांगायचो, “बटण तुमच्या हातात आहे, कात्री माझ्या हातात नाही.”

मग कात्री तुमच्या हातात आली की ती कलाकृतीची काळजी कशी होते?

युटाच्या दुकानदाराच्या पाटीवर निदान लिहिलेलं असायचं की हे कापलेलं आहे. तोच तर त्याचा धंदा होता. तुम्ही आता कापता ते न सांगता. 1984 चा ‘स्प्लॅश’ 2020 मध्ये डिस्ने प्लसवर आला तेव्हा जलपरीचे केस संगणकाने लांब करून तिची पाठमोरी बाजू झाकलेली निघाली. ‘द फ्रेंच कनेक्शन’मधला वंशवाचक शिवी असलेला तुकडा 2023 मध्ये स्ट्रीमिंगवरून नाहीसा झालेला निघाला. ‘निघाला’ असं म्हणतो, कारण दोन्ही वेळा बघणाऱ्यांनी पकडलं. पकडलं कसं? कुणाच्या तरी कपाटात जुनी तबकडी होती म्हणून.

तबकडीचं बरं असतं. तुम्ही उद्या नवी काढलीत तरी माझ्याकडची जुनी जुनीच राहते, रात्रीतून येऊन कुणी तिच्यावर नवं गिरवत नाही. स्ट्रीमिंगवर आज जे आहे तेच कालही होतं, असं छातीठोक कोण सांगणार? आणि ‘विकत घेतलेल्या’ डिजिटल प्रतीचं काय होतं, तेही बघितलं. माझ्या मावसभावाने एडिसनहून, म्हणजे तुमच्या न्यू जर्सीतून, याच सिनेमाची पेटी आणली होती. आत अल्ट्राव्हायोलेटच्या कोडची चिठ्ठी. ऑक्टोबर 2011 मध्ये तुम्ही गाजावाजा करून ते डिजिटल कपाट सुरू केलं, घ्या आणि कायमचं ठेवा म्हणून, आणि 31 जुलै 2019 ला बंद केलं. इतर दुकानांशी खातं जोडलेल्यांचं वाचलं म्हणतात. आमच्या भावाने कोड कधी टाकलाच नव्हता. चिठ्ठी अजून पेटीत आहे, कोरी करकरीत. तबकडीही आहे. तीही आधी इथे लागली नव्हती, कारण डीव्हीडी कुठल्या देशांत चालायची ते ठरवणारा रिजन अमेरिकेचा 1, आमचा 5. त्यासाठी लॅमिंग्टन रोडवरून सगळे रिजन चालणारा प्लेअर आणला. पण लागली ती लागलीच. त्याला आता किती वर्षं झाली.

तुम्ही म्हणाल, एवढी तळमळ कशासाठी? अभिजात सिनेमा असता तर समजलो असतो, हा माकडाने सिगारेट ओढायचा सिनेमा. पण अभिजात सिनेमांना वाली असतात. त्यांच्या निगेटिव्ह थंड तळघरात ठेवतात, मोठमोठ्या संस्था त्यांचं पुनरुज्जीवन करतात, एक चौकट इकडची तिकडे झाली तर विद्वान लेख लिहितात. चावट सिनेमाच्या बाजूने कोण बोलणार? त्यातलं काही गेलं तर लोक म्हणणार, बरं झालं, घाण गेली. म्हणून हात मारायचा तर तुम्ही पहिल्यांदा तिथेच मारणार. आणि पन्नास वर्षांनी कुणाला जाणून घ्यायचं असेल की 2011 साली लग्नाच्या आदल्या रात्री तरुण पोरं कशाला हसायची, परदेशाबद्दल, बायकांबद्दल, एकमेकांबद्दल काय काय बोलून जायची, तर ते त्याला अभिजात सिनेमात सापडणार नाही. ते इथेच सापडणार, सगळ्या गाळासकट.

बदल करूच नका, असं मी म्हणत नाही. माझ्या आजीकडे लग्नातल्या विहिणींच्या गाण्यांचे दोन नमुने होते. एक पंगतीत सगळ्यांसमोर म्हणायचा, दुसरा मागल्या पडवीत, पुरुष आणि पोरं झोपल्यावर. दुसऱ्यातले शब्द मला मोठं झाल्यावर कळले. पण आजीने पडवीतलं गाणं पुसून पंगतीतलं तेवढंच खरं, असं कधी सांगितलं नाही. उलट पंगतीत गाताना एका ओळीपाशी ती थांबायची आणि बाकीच्या बायका पदर तोंडाला लावायच्या. इथे काहीतरी गाळलंय हे सगळ्या मांडवाला कळायचं.

‘अनरेटेड’, म्हणजे रेटिंग न घेतलेली, म्हणून जादा दृश्यं घालून तुम्ही पहिल्या हँगओव्हरची डीव्हीडी विकलीत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, थिएटरची प्रतही वेगळी मिळत होती. वाढवता तेव्हा तुम्ही सोनेरी अक्षरांत छापता. कमी करता तेव्हा तोंडात गुळणी.

इथे आमच्या सेन्सॉर बोर्डाचं नाव घ्यावं लागतंय याचं मलाच हसू येतं. त्या बोर्डाला आम्ही लायब्ररीवाल्यांनी जन्मभर शिव्या दिल्या. त्यांनी काय काय कापलं यावर वेगळं पत्र होईल. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘ए’ प्रमाणपत्राचे सिनेमे टीव्हीवर दाखवायला मनाई केली, तेव्हापासून असला सिनेमा सरळ मार्गाने घरी न्यायचा तर माझ्यासारख्याचीच पायरी चढावी लागायची, आणि तिथेही व्हिडिओसाठी बोर्डाचं प्रमाणपत्र वेगळं. पण त्या बोर्डाच्या 1983 च्या नियमांत (2024 मध्ये त्यांच्या जागी नवे आले) एक गोष्ट होती. सिनेमा सुरू व्हायच्या आधी पडद्यावर प्रमाणपत्र येतं ना, ज्याकडे बघून लोक पॉपकॉर्न खातात, त्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात कधी कधी एक त्रिकोण असायचा. त्याचा अर्थ, या सिनेमात काटछाट झाली आहे. आणि काय कापलं ते प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात नोंदलेलं असायचं. मी हे कळल्यावर कितीतरी दिवस प्रमाणपत्रच बघत बसायचो. त्रिकोण दिसला की मागच्या रांगेतून मुलांना सांगायचो, “कापलाय रे.” ती मागे वळून बघायची, हा कोण म्हातारा.

तर मागणं एवढंच. थिएटरात दाखवलेल्या प्रतीपेक्षा घरी पाठवलेली प्रत वेगळी असेल, मग ती वकिलांमुळे असो, लाजेमुळे असो, की दिग्दर्शकाला दहा वर्षांनी उपरती झाली म्हणून असो, तर तसं वेष्टनावर छापा. स्ट्रीमिंगवर सिनेमा सुरू होण्याआधी पाच सेकंद दाखवा. काय बदललं ते एका ओळीत लिहा : अमुक मिनिटाला टॅटू बदलला आहे. आणि मूळ प्रत कुठेतरी मिळत राहू द्या, महाग का असेना. एवढं लिहिणं जड वाटत असेल, तर आमच्याकडून एक त्रिकोण घ्या. त्याचे हक्क कुणाकडे आहेत याची मात्र वकिलांकडून आधी खात्री करून घ्या, नाहीतर तोही पुसावा लागेल.

पत्राची पोच मिळाली तर आनंद होईल. नाही मिळाली तरी 21 वर्षं पावत्या फाडलेला माणूस आहे, सवय आहे.

आपला,
डोंबिवली पूर्वेचा एक माजी लायब्ररीवाला

ता. क. : पहिल्या भागाची अनरेटेड डीव्हीडी, जी मी मुद्दाम मागवून घेतली होती, ती 2012 च्या मे महिन्यात एक नवरदेव हळदीच्या आदल्या रात्रीसाठी घेऊन गेला. वहीत सही आहे, 100 रुपये डिपॉझिट आहे, परतीचा रकाना रिकामा आहे. तो आता मुलुंडला राहतो आणि त्याला एक मुलगी आहे, असं कळतं. हे पत्र त्याच्या वाचनात आलं तर दंड माफ. डबा नसला तरी चालेल.